आदत खोंड आणि जुळलेला बैल

माझे आजोबा खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराला गेले की खोंडाचे वशिंड, शिंगे, चाल हे सगळे नंतर बघत. आधी मालकाला रामराम घालून सरळ जनावराचा जबडा उघडत. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत. पुढे दोन दाती, चार दाती, सहा दाती. आणि सगळे दात आले की जुळला. जुळलेला बैल उद्या सकाळी औताला चालतो. आदत खोंडाला मात्र दोन-तीन वर्षे नुसती वैरण घालायची, आणि एवढे करून तो गुणाचा निघेल की मारका, हे त्या विठोबालाच ठाऊक. आजोबांचा एक ठरलेला शेरा असे : “ज्याचा नांगुर आज अडलाय त्यानं आदत बघू नये, आन् ज्याच्या घरात वैरण हाय त्यानं जुळलेला घिऊ नये.” लहानपणी मला हा शेरा फक्त बैलांपुरता वाटे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार झालो आणि तोच प्रश्न माझ्यापुढे माणसांच्या रूपात येऊन उभा राहिला.

आमचे गाव कृष्णाकाठी, कराड आणि वाळवा ह्या दोन तालुक्यांच्या शिवेवर. एका बाजूचे लोक कामासाठी साताऱ्याला जातात, दुसऱ्या बाजूचे सांगलीला. पण चैत्रातल्या यात्रेच्या कबड्डी स्पर्धेला दोन्हीकडचे संघ येतात, आणि त्या तीन रात्री गावात दुसरा विषय नसतो. त्या वर्षी वर्गणी जमली एकेचाळीस हजार. बक्षिसे, मांडव, दिवे, पंचांचे मानधन वजा जाता सोळा हजार उरत होते. बैठकीत दोन मते पडली. एक मत असे की, राज्य पातळीवर खेळलेला एक चढाईपटू बाहेरून आणावा. तो एका स्पर्धेचे आठ हजार घेतो, यात्रेची आणि शेजारच्या गावची अशा दोन स्पर्धा त्याच्याकडून खेळवून घ्याव्यात. दुसरे मत असे की, आमच्याच गावची तीन पोरे, सोळा-सतरा वर्षांची, चांगली तयार होत आहेत. त्यांना उन्हाळी शिबिराला पाठवावे, बूट घ्यावेत आणि स्पर्धेत खेळवावे. त्या तिघांत एक डावरा होता. त्याची चढाई उजव्या कोपऱ्याला कळायच्या आत संपलेली असे.

मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते शांतपणे म्हणाले, “पोरं कुठं पळून जात्यात? म्होरल्या वर्षी खेळतील की.” मी हिशेबाची वही मिटली. माझे मत पहिल्या बाजूला पडले हे इथे लिहून टाकतो. नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

हा प्रश्न आपल्याच शिवेवरचा आहे असे मात्र नाही. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, किंमत 12 लाख 80 हजार. त्या वेळी आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोट घातले होते. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या लिलावात पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये लावले. संघाची सगळी थैली मिळून 5 कोटींची. म्हणजे घरातल्या अर्ध्याहून अधिक पैशाचा एकच बैल घेतला, आणि उरलेल्यात बाकीचा सगळा गोठा भरायचा. पवन कमी पडला असे नाही. गुण त्याने भरपूर केले. पण कबड्डीत सात जण असतात, आणि चढाई संपली की उरलेले सहा कोण आहेत हे समोरच्याला दिसते. तो संघ त्या हंगामात 22 सामन्यांपैकी 2 जिंकला आणि तळाला गेला.

त्याच्या आदल्या वर्षाची कथा तर ह्याहून बोलकी आहे. तेव्हा हाच पवन तमिळ थलैवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतला होता. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. सगळे म्हणाले, झाले, संघ बुडाला. मग नाइलाजाने चढाईचा भार नरेंदर नावाच्या एका नवख्या पोरावर आला. त्याने हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले आणि संघ त्याच्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. ह्यावरून “तारे नकोत, पोरे घ्या” असा धडा काढायचा मोह होतो. पण जुळलेला बैल लंगडला नसता तर आदत खोंडाच्या मानेवर जू कोणी ठेवले असते? संघाने ती निवड केली नव्हती, निवड गुडघ्याने केली.

ठरवून हे करणारा संघ आपल्या पुण्याचा. पुणेरी पलटणने काही वर्षे तरुण पोरे गोळा करून वाढवली. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही त्यांतली नावे. लीगच्या नियमांतही ह्याला जागा आहे : काही जुने खेळाडू आणि काही तरुण खेळाडू संघाला लिलावाआधीच राखून ठेवता येतात, नवी पोरे लिलावाबाहेरून घेता येतात, आणि स्वतःचा सोडलेला खेळाडू दुसऱ्याच्या शेवटच्या बोलीइतके पैसे टाकून परतही आणता येतो. पोरे अशी घरची आणि स्वस्तातली असल्यामुळेच 2023 मध्ये त्यांच्या थैलीत इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी 2 कोटी 35 लाख निघाले. आधी गोठा, मग नामांकित बैल, असा तो क्रम. 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. पुढच्या लिलावात शादलूईला हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना नेला आणि त्या हंगामाचे विजेतेपद हरियाणाने मिळवले. तेव्हा नामांकित बैलाला काही अर्थच नाही असे म्हणणाऱ्यांनी हेही वाचून ठेवावे.

ह्या हिशेबाचे खरे शास्त्र मात्र अमेरिकेत आहे, आणि ते कबड्डीचे नसून त्यांच्या फुटबॉलचे आहे. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, शिरस्त्राण घालून, अंगावर धावून जायचा तो. तिथे 1936 पासून दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड होते, आणि नियम असा की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याने सर्वांत आधी निवडायचे. आपल्याकडे पंगतीत पहिले पान मानकऱ्याला, तिकडे हरलेल्याला. (गंमत म्हणजे 1936 च्या निवडीत अगदी पहिले नाव ज्याचे आले तो जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही, पैशाचे जमले नाही म्हणून त्याने नोकरी धरली. आदत खोंडाचे असेच असते.)

ही निवडीची पाळी विकता येते. आजचा नावाजलेला खेळाडू हवा, तर पुढच्या एक-दोन वर्षांच्या आपल्या पाळ्या दुसऱ्या संघाला देऊन टाकायच्या. ऊसतोडीच्या टोळीने पुढच्या हंगामाची उचल आधीच घेऊन यंदाच्या लग्नात खर्चून टाकावी, तसे. 1989 च्या ऑक्टोबरात डॅलस काउबॉइज ह्या संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात काही खेळाडू व पुढच्या वर्षांच्या पाळ्यांचा ढीग घेतला. त्या वर्षी डॅलसने 16 पैकी 1 सामना जिंकला. लोकांनी शिक्षकाला वेड्यात काढले असणार. पण त्या पाळ्यांतून जी पोरे आली त्यांच्या जोरावर 1992, 1993 आणि 1995 ह्या तीन हंगामांची विजेतेपदे डॅलसने जिंकली. मिनेसोटाला वॉकर असताना बाद फेरीतला एकही सामना जिंकता आला नाही. उलट उदाहरणही आहे. 2021 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅथ्यू स्टॅफर्डसाठी पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या, तिसऱ्या फेरीची एक आणि आपला जॅरेड गॉफ असे सगळे डेट्रॉइटला देऊन टाकले, आणि 2022 च्या फेब्रुवारीत ते विजेते झाले. त्यांचा नांगर त्याच वर्षी अडला होता.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर ह्या दोन प्राध्यापकांनी ह्या सौद्यांचा अभ्यास केला आहे. (थेलर यांना पुढे 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थशास्त्र विभागाने आमच्या कबड्डीकडेही लक्ष द्यावे ही नम्र सूचना.) त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, संघ अगदी वरच्या क्रमांकाच्या पोरांना त्यांच्या लायकीपेक्षा जास्त भाव देतात, कारण पारख करणाऱ्याला आपल्या पारखीचा फार भरवसा असतो. प्रत्यक्षात, आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवर त्याच्यामागून निवडलेल्या लगेचच्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याचे प्रमाण 100 मध्ये जेमतेम 52. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. आणि दुसरी, जी मला जास्त बोचली : पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची पाळी यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या भावात द्यायची असा तिथे प्रघातच पडला आहे. केवळ एक वर्ष थांबायचे आहे, एवढ्याने वस्तूची किंमत पायरीभर उतरते. इतके व्याज आमच्या गावचा सावकारही लावायला लाजेल.

असे का होते? माणसे मूर्ख आहेत म्हणून नव्हे. शिक्षकाला यंदा जिंकले नाही तर पुढच्या वर्षी नोकरी नसते, मग पुढच्या वर्षीची पाळी त्याच्या काय कामाची? ती पिकेल तेव्हा तिथे दुसराच कोणी उभा असेल. आमच्या आण्णांचीही अध्यक्षपदाची मुदत त्याच वर्षी संपत होती. मी तर तिसऱ्या वर्षाला होतो, पुढे कुठे असेन ठाऊक नव्हते. बैठकीत बसलेल्या अकरा जणांत ज्याला “म्होरलं वर्ष” खरोखर होते, असा एकही नव्हता. ज्यांना होते ती तीन पोरे बाहेर कट्ट्यावर बसली होती.

ह्या वेळी मला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण होते. कराडपासून हाकेवर त्यांचे गाव. 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले, आणि 1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गहाणात कोणतीही पाळी, कोणताही हक्क प्राचार्यांनी मागून घेतलेला नव्हता. तशी माणसे हिशेबात धरता येत नाहीत, म्हणून तर लिलाव लागतात.

आमच्या स्पर्धेचे सांगायचे राहिले. बाहेरचा चढाईपटू आला. फार उमदा गडी. जेवताना आमच्या आईशी दोन घास गप्पा मारून गेला. त्याने अंतिम सामन्यात एका चढाईत तिघांना बाद करून लोण चढवला आणि आम्ही जिंकलो. चषक आजही मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत आहे. त्या चषकामुळे पुढच्या वर्षी एका दुकानदाराने मॅटसाठी वीस हजार दिले, हेही खरे. तेव्हा आमचा निर्णय निव्वळ चुकला असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

डावरा दोन्ही स्पर्धांत राखीव म्हणून बसला. पहिल्या रात्री त्याची आई आणि धाकटी बहीण पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या रात्री आल्या नाहीत. कासेगावचा काशिलिंग आडके 2015 च्या हंगामात चढाईच्या गुणांत सगळ्या देशाच्या पुढे होता, 2017 ला यू मुंबाने त्याला 48 लाखांना घेतले. आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट तोंडपाठ आहे, डावऱ्यालाही होती. पण पोराच्या अंगातली वर्षे मंडळाच्या वहीत लिहिलेली नसतात. वडिलांची तब्येत बिघडली, बारावी झाली आणि तो शिरवळकडे एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. पोरे कुठे पळून जात नाहीत, एस.टी.ने जातात.

गेल्या दिवाळीत तो कराडच्या स्थानकावर भेटला. अंग भरले होते, हातात बहिणीच्या ओवाळणीची पिशवी होती. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मी काहीतरी सांगायच्या बेतात होतो. त्या बैठकीविषयी, माझ्या मताविषयी. तेवढ्यात त्याची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्याने मागे वळून विचारले,

“दादा, औंदा यात्रेला कुणाला आणताय?”