टेक दोन, काळी दोन

एप्रिल २०२२ मध्ये बुवांचा फोन आला. मी भाजी निवडत होते. "ताई, दुसऱ्या अभंगात माझा एक शब्द चुकलाय. पाठ तसा नाही. तेवढा नीट करून द्याल का?"

डिसेंबर २०१९ मध्ये, आळंदीची कार्तिकी यात्रा पांगल्यावर, एका मठाच्या हॉलमध्ये आम्ही दोन दिवस त्यांच्या दिंडीचे आठ अभंग रेकॉर्ड केले होते. २०२०च्या आषाढीआधी पेन ड्राइव्ह तयार करून दिंडीत वाटायचे, असा बेत होता. ती आषाढी आली तेव्हा कोरोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पुढच्या वर्षीही तसंच झालं. अभंग पडून राहिले. आता वारी पुन्हा पायी निघणार म्हटल्यावर बुवांनी जुनी एमपीथ्री काढून ऐकली आणि त्यांना तो शब्द खटकला.

"करते की बुवा, त्यात काय," म्हणाले. खरंच काही नव्हतं. त्या चरणापुरता आवाज पुन्हा घ्यायचा आणि जुन्यात बसवायचा. त्यासाठी फक्त मूळ ट्रॅक वेगवेगळे हवे होते.

संध्याकाळी डिस्क जोडली. तिने टक्, टक्, टक् असा आवाज केला आणि ती गप्प झाली. आठवडाभरापूर्वी केबल पायात अडकून ती स्पीकरवरून खाली आली होती; उचलून परत वर ठेवली होती, तपासली नव्हती. मी ती काढली, पुन्हा जोडली, दुसऱ्या केबलने जोडली, उलटी धरून जोडली. असं दहा-बारा वेळा केलं. हे अजिबात करायचं नसतं. आतलं हेड बिघडलेलं असेल तर प्रत्येक वेळी ते तबकडीवर नवा ओरखडा काढू शकतं. मला हे नंतर कळलं.

"बॅकअप नव्हता का?" हा प्रश्न त्या महिन्यात मला सगळ्यांनी विचारला. होता. त्याच डिस्कचे मी दोन भाग केले होते, एकाचं नाव 'काम', दुसऱ्याचं 'बॅकअप'. दर रविवारी 'काम'मधलं सगळं 'बॅकअप'मध्ये इमानाने टाकत होते. एकाच कपाटाच्या दोन खणांत दागिने ठेवून निर्धास्त झोपण्यातला प्रकार. लॅपटॉपची जागा २५६ जीबी, त्यावर काही राहत नसे. आमच्या कामात जागा किती पटकन भरते ते सांगते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची एका माइकची वेव्ह फाइल मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जाते. त्या हॉलमध्ये आठ माइक होते: बुवा, हार्मोनियम, वीणा, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना एकेक, टाळकऱ्यांना दोन आणि हॉलचा घुमारा पकडायला मागे एक. सात मिनिटांचा एक टेक म्हणजे जवळजवळ अर्धा जीबी. आणि बुवा पहिल्या टेकवर खूश झाले असं कधी होत नाही.

डेटा परत मिळवून देणाऱ्या एकाकडे डिस्क दिली. त्याने हेड बदललं, तीन आठवड्यांनी बोलावलं आणि म्हणाला, "मॅडम, फायली बऱ्याच आल्यात. नावं नाही आली." फायलींची नावं, कुठल्या फोल्डरमध्ये काय, याची नोंद डिस्कवर वेगळ्या जागी असते, आणि नेमकी तीच जागा खरवडली होती. म्हणजे जमीन शाबूत, सातबाऱ्याचा पत्ता नाही. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला ठरावीक चार अक्षरं असतात आणि लगेच फाइल केवढी आहे तो आकडा. त्या खुणा शोधत त्याच्या प्रोग्रामने सगळी डिस्क चाळली होती आणि सापडेल त्या तुकड्याला क्रमांक दिला होता. तीन हजारांहून जास्त फायली, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. त्यात माझी पाच-सहा वर्षं होती: एकांकिकांचं पार्श्वसंगीत, दोन जाहिराती, भाचीच्या बारशाचा पाळणा, आणि कुठेतरी ते आठ अभंग.

आता इथे मला काकांबद्दल सांगायला हवं. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते टेपच्या जमान्यातले रेकॉर्डिस्ट. त्यांच्याकडे स्पूलचे खोके होते आणि प्रत्येक खोक्यात ट्रॅक शीट: कुठल्या ट्रॅकवर कोण, कुठला माइक, कुठला टेक ठेवायचा. टेप ते वाजवून झाल्यावर मागे गुंडाळत नसत, शेवट बाहेरच्या बाजूला ठेवूनच खोक्यात घालत. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो. शेवट बाहेर असेल तर ती पडछाया मुख्यतः मूळ आवाजानंतर येते आणि त्याच्याखाली झाकली जाते. उलट ठेवली तर गाणं सुरू होण्याआधीच गाण्याचं भूत ऐकू येतं. वस्तू ठेवायची कशी याचाही इतका विचार. माझ्या पोरीने प्रोजेक्टची नावं काय दिली होती? 'अभंग फायनल', 'अभंग फायनल २', 'फायनल खरं', 'बुवा लास्ट'. पोरीने म्हणजे मीच; तेव्हाच्या मला आता मी पोरगीच म्हणते.

तर आळंदीच्या पहिल्या दिवशी काका सहज म्हणून हॉलवर आले होते. मी रेकॉर्ड दाबलं तसे ते म्हणाले, "अगं, पुकार ना!" म्हणजे हॉलमध्ये उभं राहून मोठ्याने सांगायचं: तारीख, अभंग कुठला, टेक कितवा, सूर कुठला. सगळ्या माइकांत ते जातं. मला फार लाज वाटली. टाळकरी माझ्याकडे बघत होते. संगणकावर तारीख, वेळ आपोआप पडते, हे कशाला? पण काकांसमोर बोलायची सोय नव्हती. दिवसभर पुकारत राहिले. दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत, आणि मी पुकारलं नाही.

घरी बसून मी आधी छोट्या फायली बाजूला काढल्या, मग ४४.१ किलोहर्ट्झच्या, त्या दुसऱ्या कामांच्या होत्या. उरलेल्या एकेक उघडून पहिली दहा सेकंदं ऐकायची. बऱ्याचशा नुसत्या खरखरीच्या होत्या. फाइल डिस्कवर सलग नसेल तर हा प्रोग्राम भलताच तुकडा जोडून देतो. सदतिसावी की अडतिसावी फाइल उघडली आणि माझाच आवाज आला, लाजलेला, भराभर: "रूपाचा अभंग, टेक दोन, काळी दोन." पहिल्या दिवसाचे चारही अभंग एका संध्याकाळी सापडले. ते बसवायलाही वेळ लागला नाही. माझं सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलच्या आतच, ती प्रोजेक्टच्या कुठल्या क्षणी सुरू झाली हे नोंदवून ठेवतं. ही नोंद नावात नसते, त्यामुळे नाव गेलं तरी ती राहते. एक आज्ञा दिली की आठही ट्रॅक आपापल्या जागी जाऊन बसतात. अर्थात त्या आठ फायली एकाच टेकच्या आहेत हे आधी आपल्याला ठाऊक पाहिजे.

दुसऱ्या दिवसाच्या चार अभंगांना अकरा रात्री लागल्या. गौळणीचे पाच टेक होते आणि सगळे एकसारखे. मी खोकल्यावरून ओळखू लागले. तिसऱ्या टेकमध्ये डावीकडच्या टाळकऱ्याला ठसका लागतो, चौथ्याच्या आधी कोणीतरी चहाचं विचारतं. वीणेच्या तारा दुपारनंतर किंचित उतरल्या होत्या, त्यावरून सकाळ-दुपार लागली. एका टेकमध्ये लांबून रिक्षाचा हॉर्न येतो. आठही माइकांत तो शोधून मी तो टेक जुळवला. त्या हॉर्नवर तेव्हा किती चिडले होते! एका अभंगाचा पखवाज शेवटपर्यंत सापडलाच नाही. हॉलच्या माइकात जो काही आला होता त्यावरच भागवलं, आणि ते बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "पांडुरंगाला ऐकू आलाय ना."

आता माझ्याकडे प्रत्येक कामाचा एकच फोल्डर असतो, नावात आधी वर्ष, महिना, दिवस, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. 'फायनल' हा शब्द मी बंद केला. क्रमांक वाढत जातो. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह करून ठेवते, इफेक्टसह आणि इफेक्टशिवाय. सॉफ्टवेअर मरतात. २०१९ मध्ये मॅकने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं बंद केलं तेव्हा एका मित्राची कितीतरी गाणी उघडत होती पण वाजत नव्हती. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: सूर, लय, कोणी वाजवलं, कुठला टेक घेतला. काकांचं ट्रॅक शीटच ते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रो नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. माझी घराबाहेरची प्रत सांगलीला आईच्या कपाटात, साड्यांखाली असते. गणपतीत आणि दिवाळीत डिस्क बदलून आणते. आई तिला 'तुझी ती डबी' म्हणते. तिथे गेले की डबीतलं एखादं जुनं काम भावाच्या संगणकावर उघडून बघते. उघडलं नाही तर ती प्रत नुसतं ओझं. एकदा उघडलं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात बुवा घरी आले. मी हॉलचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, उभं राहून तारीख, अभंग, दुरुस्ती, टेक एक, काळी दोन असं खणखणीत पुकारलं. बुवांनी तो चरण चार वेळा म्हटला, चहा घेतला, गेले. नवा शब्द बसवला आणि पाठवून दिला.

जूनमध्ये, पालखीच्या चार दिवस आधी, पुन्हा फोन. थोडा खालचा आवाज. "ताई, आमच्या फडावरच्या जुन्या माणसांना विचारलं. ते म्हणतात, पहिलाच पाठ बरोबर होता. तुम्ही तो पुसला तर नाही ना?"

"थांबा हं बुवा," म्हणाले, आणि फोन कानाला धरूनच फोल्डर उघडला.