तांबड्या केसांची मुलगी

परदेश ओळखावयाचा तर तेथील मुलांची पुस्तके वाचावी, असे माझे मत आहे. प्रवासवर्णन आपल्याला फार तर दिवाणखान्यात बसविते; मुलांचे पुस्तक थेट माजघरात नेते.

कॅनडातील ल्युसी मॉड माँटगोमेरी यांची 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. तांबड्या केसांच्या एका बडबड्या अनाथ मुलीची ती कथा. मायदेशी परतणाऱ्या एका कॅनेडियन मिशनरी बाईंनी १९३९ साली हानाको मुराओका या जपानी विदुषीला तिची प्रत भेट दिली. पुढे दोन्ही देश युद्धात एकमेकांचे वैरी झाले. इंग्रजी शत्रूची भाषा ठरली; आणि त्याच दिवसांत हानाकोबाई या शत्रुकन्येला जपानी बोलावयास शिकवीत होत्या! १९५२ साली ते भाषांतर छापले गेले आणि ॲन जपानी मुलींची जिवलग मैत्रीण झाली.

कथेतील रास्पबेरीच्या सरबताचे हानाकोबाईंनी 'स्ट्रॉबेरीचे पाणी' केले. एवढी तडजोड मला गोड वाटते. ॲनचे केस मात्र त्यांनी काळे केले नाहीत; उलट जपानी पुस्तकाच्या नावातच ते तांबडे केस मिरवले.

आपल्याकडे रूपांतराची हौस फार. परक्या मुलाला धोतर नेसविल्यावाचून घरात घ्यावयाचेच नाही! पण पाहुणा आपल्यासारखाच दिसू लागला, तर त्याला बोलावून लाभ काय? परकेपणाचे भय वडीलधाऱ्यांना. मुलांना त्याचे कुतूहलच असते. केस खुशाल तांबडे असोत. त्यांवरून कोणी चिडविले म्हणजे होणारे दुःख कोणत्याही गावच्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही.