सेमिस्टर ऊसफडातलं

परदेशात एक सेमिस्टर करून आलेलं कुणीतरी तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. नवं गाव, नवा वर्ग, सेटल होईपर्यंत महिना जातो म्हणे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात फिरताना मला असंच एक सेमिस्टर दिसलं. दिवाळीच्या आसपास बीडकडची ऊसतोड कुटुंबं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांवर येतात, सोबत मुलंही. हॉस्टेल म्हणजे कोपी. आईबाप पहाटेच फडात. मग धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, आणि जमलंच तर शाळा!

पूर्वी त्यांच्यासाठी कारखान्यांवर साखरशाळा भरायच्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायद्याने जवळच्या नेहमीच्या शाळेत, वयानुसार वर्गात प्रवेश हा त्यांचा हक्क झाला. कागदावर एकदम झकास. पण तिथे ओळखीचं कुणी नसतं, आणि जरा रुळावं तोच हंगाम संपतो.

एका चिमुरडीला विचारलं, ‘‘शाळा आवडते का गं?’’

‘‘कोणती? हितली का गावाकडली?’’

मी गप्पच. परदेशातल्या सेमिस्टरचे क्रेडिट्स आपल्या कॉलेजात धरले जातात ना? मग हिची इथली हजेरी, इथला अभ्यास गावच्या शाळेत धरला जायलाच हवा. नाहीतर दोन शाळा असूनही तिचं वर्ष कुठल्याच शाळेत पूर्ण होत नाही.