परंड्यात मुक्काम, पंखा फुल्ल!

परंडा म्हणजे खंदक, बुरूज आणि तोफा. विजापूरची फेमस मुलूखमैदान तोफसुद्धा १६३२ पर्यंत याच किल्ल्यात होती. दिवसभर भटकंती, रात्री मुक्काम आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये. मे महिन्याचा उकाडा, म्हणजे पंखा रात्रभर हवाच. आणि बॅटरी? निघण्याआधीच आतले १० वॅटचे ५ हॅलोजन काढून २ वॅटचे एलईडी बसवले होते. चार तासांत २०० वॅट-तास जायचे, आता फक्त ४०. वाचलेली वीज पंख्याला! तुम्हीही बदलणार असाल तर १० ते ३० व्होल्टवालेच घ्या. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं. आणि उजेड पिवळसरच हं. पांढऱ्यात व्हॅनचा पार दवाखाना होतो!