मला लागलं

बुधवार, रात्र. आज अक्कलकुव्यात दिवसभर पाऊस. वह्या तपासताना एक वाक्य सापडलं: ‘टू मी हर्ट ऑन स्टोन’. म्हणजे, मला दगडावर लागलं. वर्गात फळ्यावर लिहिलं, ‘आय हर्ट मायसेल्फ’. शेवटच्या बाकावरची पोर उठली, ‘‘पण सर, मी कुठं स्वतःला मारलं? पाय घसरला फक्त.’’

खरंच की! आपल्याकडे ‘लागतं’, कुणी लावत नाही. इंग्रजीत मात्र पडणाराच कर्ता आणि कर्मही तोच. ‘एन्जॉय युअरसेल्फ’, ‘बिहेव युअरसेल्फ’ तसंच. मराठीत मजा कर, नीट वाग, झालं. त्यात इंग्रजीत मायसेल्फपासून देमसेल्व्हजपर्यंत ८ रूपं. आपलं ‘स्वतः’ सगळ्यांना पुरतं. आणि ‘फील’पुढे मायसेल्फ लावलं की चूक! ‘आय फील टायर्ड’, बस. हे पाठच करावं लागतं.

पण एका जागी मराठी वरचढ. ‘त्याने आपला डबा खाल्ला’ म्हटलं की डबा सहसा त्याचाच. इंग्रजीतल्या ‘हिज’वरून डबा कुणाचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या पोरांची घरची बोली देहवाली, शाळेतली मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. मी तर पहिल्या मुलाखतीत ‘माय नेम इज’ऐवजी ‘मायसेल्फ’ म्हणून थेट नावच सांगितलं होतं. समोरचे हसले होते. ते पोरांना अजून सांगितलेलं नाही. त्या पोरीच्या वाक्यावर लाल रेघ मारली नाही, शेजारी फक्त विचारलं, ‘पाय बरा आहे का?’