पिकलेला रातांबा

मे महिन्यात आजोळी रातांबे काढायला सगळी पोरं निघाली की मी आपणहून पाटी धरायचं काम घेई. मामेभावंडांना पानांआडची लाल फळं खालूनच दिसत. मला दिसे ती नुसती गच्च पानं. कुणी झाडावर चढवलंच, तर चाचपून हाताला मऊ लागेल ते तोडायचं. निम्मे कच्चे निघत. "लक्ष कुठे असतं ह्याचं?" मामी करवादे. आजोबा मात्र कधी ओरडले नाहीत. आंब्याच्या अढीतून तेही देठाशी नाक नेऊनच फळ उचलत. घरात तो म्हाताऱ्याचा चोखंदळपणा समजला जाई.

पुढे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत इशिहारांचं १९१७ सालापासून चालत आलेलं ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. पहिल्या पानावरचा १२ वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो म्हणे. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. लाल-हिरवा नीट न ओळखता येण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, आई तो मुलाला देते आणि तिला स्वतःला बहुधा रंग नीट दिसतात. आजोबांचं नाक तेव्हा कुठे उलगडलं.

अणुसिद्धान्तवाल्या जॉन डाल्टनचंही असंच. जिरेनियमचं एक फूल त्याला दिवसा निळं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसे. मित्रांना त्यात काहीच फरक जाणवेना. भावाला मात्र जाणवला. डोळ्यातला द्रवच निळसर असणार, असं डाल्टनने १७९४ साली मांडलं. मृत्यूनंतर त्याच्याच इच्छेनुसार डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातल्या डीएनएवरून खरं कारण ठरायला १९९५ उजाडलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण स्वतःच्या नजरेबाहेर उभं राहून तिच्याकडे बघणं त्यालाही जमलं नाही. आपला-तुपला काय पाड!

आजोबांना मी हे सगळं सांगितलं. "म्हणजे इतरांना लांबून कळतं?" त्यांनी विचारलं. ऐंशी वर्षं त्यांना वाटत होतं, लोक उगाच बढाया मारतात.

आता कुणाला कळलं, की हमखास प्रश्न येतो, सिग्नलला काय करतोस? वरचा दिवा लागला की थांबतो, खालचा लागला की निघतो. मग टोमॅटो पुढे करून रंग विचारतात. मी "लाल" म्हणतो, टोमॅटो असतो म्हणून. त्यांची खात्री पटते, की मला तसं नीट दिसतं. बायकोची अजून पटलेली नाही. ती टोमॅटो आणायला मला धाडत नाही.