छापून न येणारी रेघ

फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि आर दाबलं की पडद्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला मोजपट्ट्या उगवतात. वरच्या पट्टीवर माउस दाबून धरायचा आणि खाली ओढायचा. एक बारीक, फिकट निळी रेघ हाताबरोबर उतरते आणि सोडाल तिथे थांबते. नकोशी झाली तर परत पट्टीत नेऊन टाकायची. ही गाइड. पडद्यावर ती दिसते, पण प्रिंट काढली की कागदावर तिचा मागमूस नसतो. एखादी ओळ तिच्या जवळ नेली की शेवटच्या क्षणी ती आपणहून उडी मारून रेघेला चिकटते. या चिकटण्याचं मला अजूनही कौतुक वाटतं. २००५च्या सीएस-टू आवृत्तीत स्मार्ट गाइड्सही आल्या. त्या आखाव्या लागत नाहीत. सरकवत असलेल्या वस्तूची कड शेजारणीच्या कडेशी जुळली की गुलाबी रेघ चमकते आणि बोट उचललं की विझते.

पण या रेघांना अक्षर कळत नाही, अक्षराभोवतीची चौकट तेवढी कळते.

लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. डावीकडे ‘हळदी’, उजवीकडे ‘साखरपुडा’, दोन्ही एकाच फाँटात, एकाच मापाचे. दोन्ही लेअर निवडून वरच्या कडा जुळवा म्हटलं, तर ‘हळदी’च्या वेलांटीचं टोक ‘साखरपुडा’च्या शिरोरेषेला जाऊन भिडतं आणि अख्खी हळदी खाली घसरते. बरं, खालच्या कडा जुळवू. तिथे ‘पु’चा उकार खाली लोंबतो, त्याच्या पायाशी जायला हळदी पुन्हा खालीच. मध्य जुळवला तरी हळदी खालीच, फक्त घसरण वेगळी. तिन्ही वेळा सॉफ्टवेअरचं गणित बिनचूक असतं आणि तिन्ही वेळा पत्रिका वाकडी दिसते. मग मोजपट्टीतून एक रेघ ओढून ‘साखरपुडा’च्या शिरोरेषेच्या वरच्या कडेवर बसवायची, पडदा चांगला मोठा करायचा आणि बाणाच्या कळीने हळदीला एकेक पिक्सेल वर चढवायचं. वेलांटी, मात्रा, रफार रेघेच्या वर. उकार आणि अक्षरांची पोटं खाली. रोमन अक्षरं पायाकडून जुळवतात, आपली डोक्याकडून, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी डोकेदुखी जाते.

मोडी लिहिणाऱ्यांना ही भानगड नव्हती. ते आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढत आणि मग तिच्याखाली, शब्दांमध्ये जागा न सोडता, अक्षरं लिहीत जात. पेशवे दप्तरातले कागद पाहताना आधी नजरेत भरतात त्या या लांबच लांब रेघा; मजकूर नंतर, आणि तोही लागला तर. त्यांची आखणी लिखाणातच मुरली. आम्ही मात्र शिरोरेषा प्रत्येक शब्दाची वेगळी तोडली आणि आता त्या तुकड्यांना एका पातळीवर आणायला दुसरी, न दिसणारी रेघ ओढत बसतो.

गणपतीचं प्रकरण आणखी नाजूक. पत्रिकेच्या माथ्यावर बाप्पा मधोमध हवेत, हे सांगावं लागत नाही. न्यू गाइडमध्ये ५० टक्के लिहिलं की बरोबर मध्यावर उभी रेघ येते आणि चित्रही तिला झटकन चिकटतं. तरी बाप्पा डावीकडे सरकलेले दिसतात. कारण उंदीर. तो उजव्या कोपऱ्यात मोदकाशी बसलेला, त्यामुळे चौकट उजवीकडे वाढलेली आणि तिचा मध्यही तिकडेच गेलेला. अशा वेळी मुकुटाचं टोक रेघेवर आणते. मग सोंड ज्या बाजूला वळली असेल त्या बाजूचा भार सांभाळायला चित्र केसभर उलटीकडे नेते. किती, ते कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नाही. प्रूफ बघायला आलेले नवरीचे मामा चष्मा कपाळावर ढकलून, “बाप्पा जरा तिकडे गेलेत का हो?” म्हणतात, तेव्हा बहुधा मामाच बरोबर असतात.

संगणकाआधी छापखान्यात पेस्टिंग करणारे आर्टिस्ट ब्रोमाइडचे तुकडे कागदावर चिकटवत. आखणी असायची फिकट निळ्या पेन्सिलीची. कॅमेऱ्यातल्या लिथ फिल्मला तो निळा दिसायचाच नाही, त्यामुळे रेघा खोडत बसायला नको. फोटोशॉपच्या गाइडचा ठरलेला रंगही फिकट निळाच. योगायोग असला तरी छान आहे.

पीएसडी फाइलबरोबर गाइड्सही साठवल्या जातात. दुसऱ्याने केलेली जुनी पत्रिका दुरुस्तीला आली की मी आधी कंट्रोल आणि अर्धविराम दाबून लपवलेल्या रेघा बाहेर काढते. कडेपासून ३५ पिक्सेलवर चारही बाजूंना रेघा असल्या, तर माणूस ३०० डीपीआयचा आणि ३ मिलिमीटर ब्लीड सोडणारा, म्हणजे कटिंगवाल्याकडून एकदा पोळलेला. कुठे अगदी मध्यावर एक रेघ आणि तिच्या पाच-सहा पिक्सेल डावीकडे दुसरी. गणपती दुसरीवर. त्या रेघा मी पुसत नाही. लॉक करते आणि फक्त तारीख, मुहूर्त आणि हॉलचा पत्ता बदलते.